आपली चूक आपणच सुधारणारें यंत्र

मी लहान असतांना आमच्या गांवीं दळणाची एकच गिरणी होती, व ती तेलाच्या इंजिनावर चालत असे. आईनें दिलेला जोंधळ्याचा डबा डोक्यावर घेऊन मी तेथें जाई आणि आपली पाळी येईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत बसे. गिरणी रिकामी असली म्हणजे इंजिन एका ठरीव लयीनें 'पुक् पुक्' करीत राही. गिरणीच्या तोंडांत दाणे ओतले कीं क्षणभर तें दबल्यासारखें होई, आवाज जड होई, आणि आतां हें बंद पडणार असें वाटत असतांनाच तें सांवरे व जवळजवळ पहिल्या लयीवर येई. दाणे सरले कीं उलट प्रकार. इंजिन क्षणभर उधळल्यासारखें करी व लगेच शांत होई. ह्या सर्व वेळांत गिरणीवाला इंजिनाकडे फिरकतहि नसे. पीठ चिमटींत धरून तें जाडें कीं बारीक हें पाहण्यांत तो गुंतलेला असे. मग दाणे आले, जोर लाव. दाणे सरले, जोर कमी कर, असें इंजिनाला सांगत कोण होतें?

एके दिवशीं मीं हा प्रश्न गिरणीवाल्यासच विचारला. त्यानें इंजिनाच्या कडेला गरगर फिरणाऱ्या दोन लोखंडी गोळ्यांकडे बोट दाखविलें व म्हटलें, "पोरा, तो गव्हर्नर बघ. खरा मालक तो. मी नुसता पोतीं उचलणारा."

विद्यार्थिमित्रहो, त्या दोन गोळ्यांमागील तत्त्वाचा परिचय आज करून घ्यावयाचा आहे. विमान, वीजगृह, शीतकपाट ह्या सर्वांच्या मुळाशीं तें आहे. आणि तुमच्या वहींतील तांबड्या शाईशींहि त्याचा जवळचा संबंध आहे, हें लेखाच्या शेवटीं दिसून येईल. इंग्रजींत ह्या तत्त्वास 'फीडबॅक' म्हणतात. आम्हां शिक्षकांच्या पुस्तकांत त्यास 'प्रत्याभरण' असा प्रतिशब्द रूढ आहे. तोच येथें योजतों. आपल्या कृतीचा परिणाम काय झाला ह्याची वार्ता कृति करणाऱ्याकडे परत यावी व त्या वार्तेप्रमाणें पुढील कृति बदलावी, एवढाच त्याचा अर्थ.

दोन प्रकारचा कारभार

गच्चीवरील टाकी रोज भरावयाची आहे असें समजा. एक गृहस्थ पहांटे घड्याळ लावून बरोबर अर्धा तास पंप चालू ठेवतात. आदल्या दिवशीं पाणी कमी वापरलें गेलें असेल तर टाकी ओसंडून वाहते. पाहुणे येऊन गेले असतील तर ती अर्धीच भरते. पंप आपला हुकूम इमानानें बजावतो, पण टाकींत काय झालें हें त्यास ठाऊक नसतें. दुसऱ्या गृहस्थांनीं टाकीच्या तोटीला एक पोकळ गोळा लांब दांडीनें जोडला आहे. पाणी चढलें कीं गोळा तरंगत वर येतो व तोटी मिटत जाते. पाणी उतरलें कीं गोळा खालीं जातो व तोटी उघडते. येथें घड्याळ नको व पहाराहि नको. पहिला कारभार नुसत्या हुकुमाचा, दुसरा चौकशीचा.

दुसऱ्या प्रकारांत नेहमीं चार गोष्टी आढळतात. पहिली साध्य, पाणी कोठवर हवें. दुसरी मापन, तें आतां कोठें आहे. तिसरी तुलना, ह्या दोहोंत अंतर किती. चौथी दुरुस्ती, तें अंतर कमी होईल अशी कृति. चौथीनंतर पुन्हां दुसरी येते, आणि असें हें चक्र अखंड चालतें. आई बाळाच्या आंघोळीचें पाणी काढते तेव्हां कढत पाण्यांत विसण घालते, कोपर बुडवून पाहते, पुन्हां थोडें विसण घालते, पुन्हां पाहते. चारी गोष्टी तेथें आहेत. फरक इतकाच कीं, टाकींत मापन करणारा गोळा आहे, न्हाणींत आईचें कोपर.

ही युक्ति फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें क्टेसिबिअस नांवाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्यानें पाण्याचें घड्याळ केलें. भांड्याच्या छिद्रांतून वाहणाऱ्या पाण्यावर काळ मोजावयाचा. परंतु भांडें रिकामें होत जातें तसतसा पाण्याचा दाब कमी होतो, धार मंदावते व घड्याळ मागें पडतें. ह्यावर उपाय म्हणून त्यानें तरंगती झडप योजून पाण्याची पातळी कायम राखली, असें मानितात. म्हणजे आपल्या टाकींतील युक्ति सुमारें बावीसशें वर्षांची आहे.

वॅटचे दोन गोळे

इ. स. १७८८ मध्यें मॅथ्यू बोल्टन हा कारखानदार लंडनमधील आल्बियन नांवाच्या पिठाच्या गिरणींत गेला. ती गिरणी वाफेवर चालत असे, व तिचीं इंजिनें बोल्टन आणि जेम्स वॅट ह्यांच्याच कारखान्याचीं होतीं. तेथें दळणाच्या दगडांमधील अंतर राखण्यासाठीं केलेली फिरत्या गोळ्यांची एक योजना त्यानें पाहिली व ती वॅटला पत्रानें कळविली. पवनचक्क्यांचे कारागीर ही योजना आधींपासून वापरीत होते. वॅटनें तीच त्या वर्षीं इंजिनाला लावली. आणि ती मूळची आपली नव्हे म्हणून तिचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं.

रचना अशी. इंजिनानें फिरणारी एक उभी दांडी असते. तिच्या माथ्याला दोन हात जोडलेले असून प्रत्येकाच्या टोंकाला जड गोळा असतो. दांडी वेगानें फिरूं लागली कीं, गोफणींतील दगडाप्रमाणें गोळे बाहेर फांकतात व वर उचलले जातात. त्यांच्याबरोबर एक तरफ हालते व ती वाफेची झडप थोडी मिटते. वाफ कमी मिळाल्यानें इंजिन मंदावतें. फार मंदावलें तर गोळे खालीं उतरतात, झडप उघडते व वाफ वाढते. वाफेवर इंजिनाचा वेग अवलंबून, आणि वेगावर पुन्हां वाफ अवलंबून, असें हें वर्तुळ पुरें होतें.

येथें दुरुस्तीची दिशा लक्षांत ठेवावी. वेग वाढला तर वाफ कमी. वेग घटला तर वाफ अधिक. चूक ज्या बाजूस, तिच्या विरुद्ध बाजूस दुरुस्ती. म्हणून ह्यास विरोधी प्रत्याभरण म्हणूं. दिशा उलटली तर काय होतें, तें आपण स्नेहसंमेलनांत ऐकलें आहे. मायक्रोफोन कर्ण्याच्या समोर आला कीं कर्ण्यांतील आवाज त्यांत शिरतो, मोठा होऊन कर्ण्यांतून निघतो, पुन्हां शिरतो, आणि क्षणांत कान किटविणारी किंचाळी उठते. हें पोषक प्रत्याभरण. भांडणांत एकाच्या शब्दानें दुसऱ्याचा शब्द चढत जातो, तोहि प्रकार हाच.

वॅटच्या योजनेंत एक उणीव होती. काम वाढल्यावर झडप अधिक उघडी राहिली पाहिजे. त्यासाठीं गोळे थोडे खालीं राहिले पाहिजेत. आणि गोळे खालीं राहणें म्हणजेच वेग मूळच्यापेक्षां थोडा कमी असणें. म्हणून भार आल्यावर इंजिन सांवरे खरें, पण अगदीं पूर्वींच्या वेगास येत नसे. गिरणीचें इंजिन 'जवळजवळ' पहिल्या लयीवर येई असें मीं आरंभीं लिहिलें, तें ह्याचसाठीं. चूक पुष्कळ कमी होई, पण नाहींशी होत नसे.

झोके खाणारें इंजिन

एके पावसाळ्यांत आमच्या गिरणीच्या इंजिनाला चमत्कारिक खोड जडली. दाणे ओतलेले नसतांहि तें आपोआप जोरांत धांवे, मग मंद होई, पुन्हां धांवे. पीठ कधीं जाडें, कधीं बारीक पडूं लागलें व बायका कुरकुरूं लागल्या. गव्हर्नर कामच करीत नाहीं, असें गिरणीवाल्यास वाटलें. तालुक्याच्या गांवाहून मिस्त्री आला. तो म्हणाला, "काम करतो, पण उशिरां करतो." गव्हर्नरच्या सांध्यांत जुनें तेल व पिठाची धूळ घट्ट बसली होती. वेग वाढला तरी गोळे लगेच हालत नसत. पुष्कळ वाढल्यावर एकदम उसळत व जरुरीपेक्षां अधिक दुरुस्ती करीत. परततांनाहि तोच प्रकार. मिस्त्रीनें रॉकेलनें सांधे धुतले, नवें तेल दिलें, आणि इंजिन ताळ्यावर आलें.

ह्यांतील सिद्धान्त आकड्यांनीं पाहूं. आंघोळीच्या पाण्याचें उष्णतामान ४० अंश सेल्सिअस हवें आहे व तें आतां ३० अंश आहे. म्हणजे चूक १० अंशांची. प्रत्येक खेपेस आपण चुकीच्या निम्मी दुरुस्ती केली, तर पाणी ३५, मग ३७.५, मग ३८.७५ असें शांतपणें ४० कडे जाईल. दीडपट दुरुस्ती केली तर ४५, ३७.५, ४१.२५, झोके येतील, पण लहान होत जातील. दुप्पट केली तर ५०, पुन्हां ३०, पुन्हां ५०. स्थिरता कधींच नाहीं. आणि अडीचपट केली तर ५५, मग १७.५, मग ७३.७५, तिसऱ्या खेपेस अंग भाजेल. चारी प्रकारांत साध्य तेंच, मापन बिनचूक, दिशाहि बरोबर. फरक फक्त प्रमाणाचा.

शहाणा मनुष्य अडीचपट दुरुस्ती कशाला करील, असें तुम्ही विचाराल. उशीर हें त्याचें उत्तर. वसतिगृहाच्या गच्चीवरील ऊन पाण्याच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत नळ लांब असतो. मुलगा ऊन पाण्याची तोटी थोडी फिरवितो, पाणी गारच. आणखी फिरवितो, तरी गारच. तो तिसऱ्यांदा फिरवितो, तोंच पहिल्या फिरविण्याचें पाणी येऊन पोहोंचतें व मागोमाग पुढील दोहोंचें. ओरडून तो तोटी एकदम मिटतो, आणि थोड्या वेळानें थंडीनें कुडकुडतो. उशिरां मिळालेली वार्ता माणसास जरुरीपेक्षां अधिक करावयास लावते.

हा दोष थोरांनाहि भोंवला आहे. ग्रीनिच येथील राजज्योतिषी एअरी ह्यानें दुर्बीण ताऱ्यामागोमाग समगतीनें फिरावी म्हणून तिला गतिनियामक जोडला. परंतु तो नियामकच कांहीं वेळां अनावर होई. ह्याची गणिती चर्चा त्यानें १८४० मध्यें मांडली. पुढें १८६८ मध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यानें गव्हर्नरांवरील निबंधांत प्रश्न नेमका केला: यंत्रास लहानसा धक्का बसला, तर त्यापासून उठलेले झोके विरत जातील कीं वाढत जातील? समीकरणें पाहून हें आधींच सांगतां आलें पाहिजे. साध्या यंत्रांपुरतें उत्तर त्यानें स्वतः दिलें. सर्वसामान्य उत्तर एडवर्ड राउथ ह्यानें शोधिलें, व त्या ग्रंथाबद्दल त्यास १८७७ चें अ‍ॅडम्स पारितोषिक मिळालें. हे दोघे १८५४ सालीं केंब्रिज येथें गणिताच्या एकाच परीक्षेस बसले होते. राउथ पहिला आला होता, मॅक्सवेल दुसरा. पण आज जगास मॅक्सवेलचें नांव अधिक ठाऊक आहे. क्रमांक गेला म्हणून खिन्न होणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

सुकाणूवरील हात

वॅटची उणीव व गिरणीची खोड, ह्या दोहोंवर उपाय काय? निकोलस मिनोर्स्की हा रशियांत जन्मलेला यंत्रशास्त्रज्ञ अमेरिकेंत जहाजें आपोआप सुकाणू धरतील अशी योजना करीत होता. त्यासाठीं जहाजावरील कसलेला खलाशी सुकाणू कसें धरतो ह्याकडे त्यानें लक्ष दिलें, व १९२२ मध्यें त्याचें गणित प्रसिद्ध केलें. चांगला खलाशी तीन गोष्टी जमेस धरतो. जहाज आतां मार्गापासून किती ढळलें आहे, ही पहिली. वारा सतत एकाच बाजूनें लोटीत असल्यास थोडी थोडी चूक किती वेळ सांचत आली आहे, ही दुसरी. आणि जहाज मार्गाकडे किती झपाट्यानें वळत आहे, ही तिसरी. कारण तें वेगानें वळत असेल तर मार्गावर येण्यापूर्वींच सुकाणू सैल सोडलें पाहिजे. दुसऱ्या गोष्टीनें वॅटची उरलेली चूक नाहींशी होते, तिसरीनें झोके आवरतात. आजहि कारखान्यांतील असंख्य नियंत्रक ह्याच तीन गोष्टींवर चालतात.

दुसरी एक गोष्ट टेलिफोनची. दूरच्या टेलिफोनच्या तारांवर आवाज क्षीण होतो म्हणून तो मधून मधून मोठा करावा लागतो. परंतु मोठा करणारीं साधनें आवाजांत विकृतिहि भरीत. हॅरोल्ड ब्लॅक हा तरुण एंजिनिअर ह्या प्रश्नामागें अनेक वर्षें होता. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं कामावर जातांना हडसन नदीवरील बोटींत त्यास उत्तर सुचलें, व तें त्यानें हातांतील वर्तमानपत्राच्या पानावर लिहून काढलें. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा कांहीं अंश उलटा करून आरंभाकडे परत आणावा. असें केल्यानें आवाज मोठा करण्याची शक्ति पुष्कळ कमी होते, पण विकृतिहि तितकीच कमी होते. जोर सोडून द्यावा व शुद्धता घ्यावी, असा हा सौदा होता. पेटंट कचेरीस तो इतका अजब वाटला कीं, पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडलें.

आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. संध्याकाळीं घरोघर दिवे लागले कीं भार वाढून जनित्रांचा वेग घटूं पाहतो. त्या वेळीं कोयनेसारख्या जलविद्युत् केंद्रांतील गतिनियामक चक्रांवर अधिक पाणी सोडतात. आणि दूर कशाला जावें? उन्हाळ्यांत घाम येतो, थंडींत अंग कांपतें. पण निरोगी शरीराचें उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअसच राहतें. यंत्रें व प्राणी ह्या दोहोंत हें एकच तत्त्व आहे असें प्रतिपादणाऱ्या आपल्या शास्त्रास नॉर्बर्ट वीनर ह्यानें १९४८ मध्यें 'सायबरनेटिक्स' असें नांव दिलें. सुकाणू धरणारा, ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें आहे. आणि 'गव्हर्नर' हा शब्दहि लॅटिनमार्गें त्याच शब्दापासून आला आहे. गिरणीवाल्यास ग्रीक येत नव्हतें, पण त्यानें मालक कोण तें बरोबर सांगितलें होतें.

तांबडी शाई

आतां माझ्या स्वतःच्या चुकीविषयीं. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मी एका शाळेंत आठवीस बीजगणित शिकवीत होतों. वह्यांचा ढीग सांठे व मी तो महिनाअखेर तपासून देई. एक मुलगा, कंसाबाहेर उणें चिन्ह असतां, आंतील पहिल्याच पदाचें चिन्ह बदली व पुढील पदें तशींच ठेवी. माझी तांबडी शाई त्याच्यापर्यंत पोहोंचली, तोंवर ती चूक त्याच्या हातांत मुरली होती. सहामाहींत तो नापास झाला. वडिलांनीं त्याचें खेळणें बंद करून पहांटे व रात्रीं अशा दोन शिकवण्या लावल्या. मुलगा थकून आजारी पडला. तेव्हां घाबरून त्यांनीं सर्वच सोडून दिलें. वार्षिकांत तो गणितांत पुन्हां राहिला. मी त्यास आळशी म्हणत होतों. आज त्या वर्षाकडे पाहतों तेव्हां दिसतें कीं, मुलांत आळस नव्हता. चक्रांत उशीर होता, तो माझा. आणि दुरुस्ती अडीचपट होती, ती घरची. घरची दुरुस्ती इतकी मोठी होण्यासहि माझा उशीरच कारण झाला.

तेव्हांपासून मी रोज पांचच उदाहरणें देतों व तीं त्याच दिवशीं वर्गांत तपासतों. ह्यानें माझें काम वाढलें नाहीं. मुलांचें रडणें मात्र कमी झालें.

पालकांस माझी नम्र विनंति आहे. निकालपत्रक ही फार लांब नळांतून आलेली वार्ता आहे. तिची वाट पाहूं नये, व ती आल्यावर तोटी एकदम फिरवूं नये. आठवड्यांतून एकदां मुलाशेजारीं बसून वही उघडावी. जेवढी चूक, तेवढीच, किंबहुना तिच्याहून थोडी कमी दुरुस्ती करावी. आणि तिचा परिणाम दिसण्यास अवकाश द्यावा. मूल सुधारूं लागलें असेल तर हात सैल सोडावा, हें खलाशाकडून शिकावें.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे. कमी गुणांची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशीं लपविणारा मुलगा आपल्या इंजिनाचे गोळे आपल्याच हातानें काढून ठेवतो. ती बाहेर काढा. शिक्षकांस दाखवा, आईवडिलांस दाखवा. इंजिनांत आणि तुमच्यांत एक मोठा भेद आहे. इंजिनानें किती वेगानें धांवावें हें दुसरा ठरवितो. तुमचें साध्य आज आम्ही ठरवीत असलों, तरी उद्यां तें तुम्हांस स्वतः ठरवावयाचें आहे, आणि मापनहि स्वतःच करावयाचें आहे. त्याची संवय आजच्या लहान लहान दुरुस्त्यांनींच लागेल.

अभ्यास

१. विजेची इस्त्री व शीतकपाट ह्यांत साध्य, मापन, तुलना व दुरुस्ती कोणत्या रूपानें असतात तें लिहा.

२. चूक १६ अंशांची आहे व दर खेपेस चुकीच्या पाऊणपट दुरुस्ती केली जाते. तीन खेपांनंतर चूक किती उरेल?

३. दुरुस्ती चुकीच्या किती पटींहून कमी असली म्हणजे झोके विरतात? लेखांतील आकडे पाहून कारण द्या.

४. आपली गेल्या महिन्याची गणिताची वही काढा. एकच चूक किती वेळां झाली आहे व ती पहिल्यानें कधीं दाखविली गेली, हें मोजा.